खाऱ्या पाण्यातला पंप, गोड्या तलावात

"भाऊ, मशीन रेस तर लय घेते, पण पयत नाई." मालकाची तक्रार एवढीच होती. रामटेककडच्या एका जलाशयावर बोटिंग चालवणाऱ्या या माणसाने कोकण किनाऱ्यावरून जुनी जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, विकत घेतली होती. ती ट्रेलरवर नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आली, ती "इंजिन उघडून पाहा" या सूचनेसकट.

आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढतो आणि वेग येत नाही, तेव्हा इंजिनाला हात लावायचं कारण नसतं. जेट स्की पंपावर पळते: पंप खालच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या नोझलमधून (तोटीतून) जोरात फेकतो. इंजिनाची ताकद त्या पाण्यापर्यंत पोचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि खालून जाळीत टॉर्च मारायची. शाफ्टभोवती पतंगाच्या नायलॉन मांजाचा घट्ट गुंडा निघाला. नागपूरकडच्या तलावांत संक्रांतीनंतर हे ठरलेलंच. मांजा कापून काढला, पण दोष तेवढ्यात संपणारा नव्हता. मागे नोझलच्या बोल्टांभोवती पांढरी, चुन्यासारखी भुकटी फुगून आली होती.

ही भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची, बोल्ट आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) स्टेनलेसचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं, स्टेनलेस शाबूत राहतं. मालकाचा प्रश्न रास्त होता: आता मशीन गोड्या पाण्यात आहे, मग गंज कसा वाढला? मीठ बोल्टाच्या आट्यांत, इम्पेलरभोवतीच्या प्लास्टिकच्या रिंगेच्या मागे, ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या) खाचेत आधीच शिरलेलं होतं. वरून पाण्याचा फवारा मारून ते निघत नाही, आणि पावसाळ्यातली ओल त्याला पुरेशी असते.

नोझलचे चार बोल्ट सोडवण्यातच बराच वेळ गेला. इथे लांब पाइप लावून जोर करणारा माणूस बोल्ट तोडतोच. गंज सोडवणारं पातळ तेल रात्रभर मुरू द्यायचं, मग गॅस टॉर्चने बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम तापवायचं. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, सरळ वितळतं, म्हणून रंग पाहत बसू नये. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडाला की ज्योत बाजूला. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड ढिली होते. आधी बोल्ट किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. तीन असे निघाले. चौथ्याचं डोकं तुटलं.

तुटलेला बोल्ट ८ मिमीचा होता. मधोमध खोल पंच मारल्याशिवाय ड्रिल लावू नये. स्टेनलेस कडक, आजूबाजूचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे बिट बाजूला सरकतो आणि भोक बॉडीत जातं. ३ मिमीचा कोबाल्ट बिट, कमी आरपीएम, सतत कटिंग ऑइल. बिट नुसता घासत राहिला तर स्टेनलेस आणखी कडक होतं, म्हणून दाब सोडायचा नाही. तुरटीच्या पाण्यात तुटका स्क्रू विरघळवायची घड्याळजींची युक्ती आमच्या एका कारागिराने सुचवली, पण ती साध्या पोलादाच्या स्क्रूसाठी. शेवटी बोल्ट पोखरून काढला, जुने आटे गेलेच होते, तिथे हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवली.

पंप बाहेर आल्यावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला. इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि रिंग यांच्यात एका बाजूला ०.२ मिमी, तर समोरच्या बाजूला १ मिमीच्याही वर. अशा पंपात नवी रिंग बसली की गॅप साधारण ०.३ मिमीच्या आसपास राहते, १ मिमी ही सहनशक्तीची हद्द. गॅप मोठी झाली की पाणी पात्यावरून मागे घसरतं, दाब तयार होत नाही आणि इंजिन नुसतंच पळतं. पण एकाच रिंगेत इतका फरक का? प्लास्टिकची रिंग हॅकसॉने दोन ठिकाणी कापून उपसली, तेव्हा मागे पांढऱ्या गंजाचा टेंगूळ दिसला. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्याने रिंग एका बाजूने आत ढकलली होती आणि तिथे पाती घासत होती. अशा बॉडीत गंज न खरवडता नवी रिंग ठोकली तर तीही वाकडीच बसते. खरं तर बहुतेक लोक हेच करतात आणि मग रिंग डुप्लिकेट होती म्हणतात.

इम्पेलर काढण्याआधी आटे कोणत्या बाजूचे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं. चालताना आवळत जावेत अशा बेताने ते काढलेले असतात, म्हणून फिरण्याची दिशा बदलली की आट्यांची बाजूही बदलते. शाफ्ट मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये धरायचा आणि इम्पेलरच्या आतल्या दात्यांत बसणारं टूल वापरायचं. पात्यांना पाइप रेंच लावला की पाती वाकतात. पंपाच्या मागच्या कोनमधलं (शंकूच्या आकाराच्या झाकणातलं) तेल दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधून पाणी बेअरिंगपर्यंत पोचलेलं. बेअरिंग हाताने फिरवली तर वाळू दळल्यासारखी.

बॉडी ठेवायची की बदलायची, हा खर्चाचा खरा प्रश्न. बॉडीतल्या स्थिर पात्यांच्या मुळाशी चिरा असत्या किंवा बेअरिंगचं घर खड्डे पडून सैल झालं असतं, तर मी नवीच मागवायला सांगितली असती. इथे खड्डे रिंगेच्या जागी आणि ओ-रिंगच्या खाचेच्या एका कडेला होते. खाचेची कड आर्गॉन वेल्डिंगने भरून लेथवर घेतली. मीठ मुरलेल्या ॲल्युमिनियमवर सरळ वेल्ड मारलं तर ते स्पंजासारखं भोकाभोकाचं होतं. म्हणून आधी काळा-पांढरा थर चकचकीत धातू लागेपर्यंत घासायचा, गरम पाण्याने धुऊन तापवून कोरडा करायचा, मगच वेल्डिंग. रिंगेच्या जागेचे उथळ खड्डे धातूच्या एपॉक्सीने भरून सम केले.

बेअरिंग आणि ओ-रिंगसाठी शहराबाहेर जावं लागलं नाही, माप आणि नंबर घेऊन दुकानात गेलं की काम होतं. रिंग आणि सील किट मात्र बाहेरून मागवावं लागलं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिमी. बॉडी खोलीच्या तापमानापेक्षा ८० अंशांनी तापवली की ५२ मिमीचं भोक जवळजवळ ०.१ मिमीने मोठं होतं. बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलेली असली तर हाताने आत जाते, हातोडी लागत नाही. रिंगही फ्रीजरमध्ये ठेवून, वर लाकडी फळी ठेवून, चारही बाजूंनी थोडी थोडी ठोकत बसवली.

कोन बंद करण्याआधी प्रेशर टेस्ट: ७० किलोपास्कल, म्हणजे १० पीएसआय हवा भरून १० मिनिटं सुई हलता कामा नये. पहिल्यांदा साबणाच्या पाण्यात बुडबुडे आले ते वेल्ड केलेल्या कडेपाशीच. कड पुन्हा घासून घेतली, मग दाब टिकला. त्यानंतर ७५डब्ल्यू९० सिंथेटिक गिअर ऑइल. बोल्टांना मॅन्युअलने जिथे थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) सांगितला तिथे तो, बाकी आट्यांना मरीन ग्रीस. तांब्याची भुकटी असलेली अँटीसीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) ॲल्युमिनियमला लावू नये, त्याने तिसऱ्या धातूची भर पडते. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, आणि पंप व हल (मशीनचा बाहेरचा सांगाडा) यांच्यातला रबर सील नवा. तो सुटला तर पंप हवा ओढतो आणि तक्रार पुन्हा तीच येते.

पंपावरचा जस्ताचा बळी-तुकडा (ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा) काढून मॅग्नेशियमचा लावला. जस्त खाऱ्या पाण्यात चांगलं काम करतं, गोड्या पाण्यात त्यावर थर जमून ते निकामी होतं. उलट मॅग्नेशियम समुद्रात फार लवकर संपतं, तेव्हा मशीन पुन्हा कोकणात गेलं तर तुकडाही बदलावा लागेल, हे मालकाच्या बिलावरच लिहून दिलं. फ्लशिंगचा (नळ जोडून इंजिन आतून धुण्याचा) क्रमही तिथेच लिहिला: आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं.