इथला 'एफ' दर्जाचा बल्ब वाईट नाही

जर्मनीत भाड्याच्या घरात छताला बहुधा नुसत्या वायरी लोंबत असतात. दिवे आपले आपण आणून लावायचे. त्यामुळे नव्याने आलेली मराठी मंडळी लगेचच दिव्यांच्या दुकानात जातात आणि खोक्याखोक्यावरच्या वीजबचतीच्या लेबलवर 'ई' नाहीतर 'एफ' बघून बिचकतात. 'ए' सर्वात चांगला, 'जी' सर्वात खालचा. मग इथे नापास माल विकतात की काय?

माल तोच आहे, परीक्षा कडक झाली आहे. सप्टेंबर २०२१ पूर्वी यातल्या बऱ्याच बल्बांवर 'ए प्लस', 'ए डबल प्लस' लिहिलेलं असे. बहुतेक सगळेच वरच्या वर्गात गेल्यावर निवड कशावरून करायची? म्हणून युरोपियन युनियनने मोजमापच बदललं. आता 'ए'साठी एका वॅटमागे २१० लुमेन प्रकाश लागतो, 'एफ'ला ८५ पुरतात. वरच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या, कंपन्यांनी तिथवर यावं म्हणून. मला हा निर्णय मनापासून पटतो.

त्याआधीची पायरी जास्त वादाची होती. २००९ पासून १०० वॅटचे, मग ७५, ६० असे करत २०१२ पर्यंत साधे पिवळे बल्ब बाजारातून काढले. लोकांनी जुने बल्ब घरात साठवून ठेवले. एका इंजिनिअरने तर तेच बल्ब 'छोटे हीटर' म्हणून आयात केले, आणि कस्टम्सने माल अडवला! २०१८ मध्ये बहुतेक साध्या हॅलोजन बल्बांचाही नंबर लागला.

लेबलवरचा मला सर्वात आवडणारा आकडा म्हणजे १००० तासांना किती युनिट लागतील तो. जुना ६० वॅटचा बल्ब ६० युनिट खायचा. तेवढाच, म्हणजे साधारण ८०० लुमेन उजेड देणारा 'एफ' बल्ब ८ युनिट घेतो. युनिटला ३५ सेंट धरले तर एका बल्बमागे १८ युरो वाचतात.

इथे येणाऱ्यांनी भारतातून पिनवाले बल्ब आणू नयेत, होल्डर आट्यांचे असतात. आणि तिकडे पुण्या-नाशकात बल्ब घेताना नुसते वॅट बघू नका. खोक्यावर लुमेनही छापलेले असतात. लुमेनला वॅटने भागा. उत्तर शंभराच्या वर आलं, तर तो खुशाल घ्या.