वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी चामडं निवडताना

वस्तरा परजायचा पट्टा घरी करायचा, तर खरं काम चामड्याच्या दुकानातच होतं. चामडं चुकीचं आलं की पुढे कितीही घासा, उपयोग नाही.

मी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं घेतलं, कोल्हापुरी चपलांना लागतं त्या जातीचं. बॅगा-जॅकेटांचं बहुतेक चामडं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. ते मऊ असतं आणि ताणतं. त्याचा पट्टा मध्ये झोळ धरतो, पातं त्यात रुततं आणि धार गोल होते. ओळखायचं कसं? दुकानदाराला रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) कडेचा एक काप काढायला सांगा. सालीत कमावलेलं आतपर्यंत तपकिरी दिसतं, क्रोमचं बहुतेकदा मध्ये निळसर-राखाडी. मग वरच्या, गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरून काळसर डाग पडला तर ठीक. तसाच गोळा होऊन राहिला तर वर लेप किंवा मेण आहे, आणि लेपावर पातं नुसतं घसरतं.

तुकडा पाठीचा हवा आणि कण्याला समांतर कापलेला. पोटाकडचं चामडं ढिलं असतं. वरची बाजू आत घेऊन दुमडून बघा: बारीक, जवळजवळ सुरकुत्या चांगल्या, मोठे पोकळ फुगे आले तर आतले थर सुटे आहेत, तो तुकडा परत द्या. टांगायच्या पट्ट्याला २.५ ते ३ मिमी जाडी पुरते, पण ती सगळीकडे सारखी हवी. मी कॅलिपरने दोन्ही टोकं, मध्य आणि कडा मोजतो. रुंदी ७ सेमी ठेवली की पूर्ण पातं एका ओढीत बसतं. ५ सेमीवर तिरकं ओढावं लागतं. लांबी ५० सेमी, शिवाय अडकवण्यापुरतं जास्तीचं.

गोचिडाचे खड्डे आणि सुरीचे ओरखडे डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. जिथे तंतू अडकले तिथे पातंही अडणार.

म्हशीच्या चामड्याचा दाणा जाड असतो. सपाट लाकडी ठोकळ्याला ४०० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तो दाणा घासून बसवावा लागतो. इथे घाई नको. वरचा थर पातळ असतो. तो संपला की खालचे तंतू उभे राहतात आणि मग गुळगुळीतपणा येतच नाही. तेल शक्यतो नकोच. स्वयंपाकातलं तेल तर खवट होतं आणि चामडं फोपसं करतं. स्वच्छ, कोरडा तळहात रोज थोडा वेळ घासला की पुरेशी पकड येते.

लाकडावर चिकटवायचं असेल तर पाणीवाला फेविकॉल वापरू नका, ओल धरून चामडं वाकतं. फेविकॉल एसआर दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा झाला की एका टोकाकडून दाबत न्या. टांगायच्या पट्ट्यावर धारेची हिरवी पेस्ट वापरणार असाल तर ती मागच्या, खरबरीत बाजूला लावा. वरची बाजू कोरीच राहू द्या.