मगाची किंमत फळीवर ठरते

मातीकामाचा छोटा व्यवसाय सुरू करावा असे मनात आले की कलाशिक्षण संपवून बाहेर पडलेली मंडळी प्रथम चाकाची चौकशी करतात. आम्हा दोघी मैत्रिणींनीही पुण्यात स्टुडिओ थाटताना तेच केले होते. प्रत्यक्षात चाक ही या व्यवसायातली तुलनेने स्वस्त वस्तू आहे. खरा हिशेब भट्टीपाशी सुरू होतो.

स्टोनवेअरचे, म्हणजे उच्च तापमानाला भाजून टणक केलेल्या मातीचे, भांडे बहुधा दोनदा भाजले जाते. पहिली भाजणी साधारण ९५० अंश सेल्सिअसच्या आसपास होते, त्यामुळे भांडे टणक होते, तरी पुरेसे सच्छिद्र राहते आणि ग्लेझमधले, म्हणजे वरून दिलेल्या काचेसारख्या लेपातले, पाणी शोषून घेते. दुसरी भाजणी १२०० अंशांच्या वर जाते आणि तीत ग्लेझ वितळून काचेसारखे बसते. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची स्फटिकरचना बदलते, म्हणून तापमान चढताना आणि विशेषतः उतरताना तिथे घाई केली तर भांड्याला तडा जाऊ शकतो. विजेची भट्टी अर्धी भरली तरी वीज बऱ्याच अंशी तेवढीच जाळते. त्यामुळे आम्ही किंमत ठरवताना माती आणि मजुरी यांच्याबरोबरच त्या वस्तूने भट्टीतल्या फळीवर किती जागा अडवली, हे आवर्जून पाहतो. पसरट थाळा बनवायला फार वेळ लागत नाही, पण तो सहा मगांची जागा खातो. लांब कानाचा मग दिसायला डौलदार असतो, मात्र तोच कान शेजारच्या भांड्याला दूर ठेवायला लावतो, कारण वितळलेले ग्लेझ एकमेकांना टेकले की दोन्ही भांडी कायमची चिकटतात. आमच्या मगाचा कान आखूड का, याचे उत्तर एवढेच आहे. ग्राहक त्याला आमची शैली समजतात, आणि आम्हीही ते नाकारत नाही.

शिवाय माती आकसते. आमची माती ओल्या अवस्थेपासून शेवटच्या भाजणीपर्यंत सुमारे बारा टक्के आकसते, म्हणजे नऊ सेंटिमीटर उंचीचा मग हवा असेल तर चाकावर तो सव्वादहा सेंटिमीटरचा ओढावा लागतो.

नातेवाईक हमखास विचारतात की कुंभारवाड्यात माठ एवढ्या पैशांत मिळतो, मग तुमचा मग इतका महाग कसा. प्रश्न रास्त आहे. माठ कमी तापमानाला भाजलेला, मुद्दाम सच्छिद्र असतो. पाणी पाझरून बाहेर वाळते म्हणून तर ते आत गार राहते. त्यामागचे कौशल्य आमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, आणि त्याला मिळणारी किंमत फार कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गावगाड्यात कुंभाराला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळत असे, एकेका मडक्याचा भाव त्यात फारसा नव्हता. बलुते गेले आणि उरला तो बाजारातला घासाघिशीचा भाव.

विक्रीबाबत सांगायचे तर दुकानात माल ठेवल्यास किमतीचा मोठा हिस्सा दुकानदाराकडे जातो, त्यामुळे तो हिस्सा पहिल्या दिवसापासून किमतीत धरावा आणि स्टुडिओतही त्याच किमतीला विकावे, अन्यथा दुकानदार दुसऱ्यांदा माल घेत नाही. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. दिवाळीच्या मोठ्या मागण्या स्वीकारताना मात्र पावसाळा ध्यानात ठेवावा: दमट हवेत भांडी वाळायला दुप्पट वेळ घेतात, आणि आतून ओले राहिलेले भांडे भट्टीत वाफेने फुटते तेव्हा त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. म्हणून जाड बुडाच्या वस्तूंची मागणी आम्ही श्रावणानंतर घेत नाही.