दिवसा ढेपाळणारी भीती
ओरेन पेली यांनी सुमारे १५,००० डॉलरमध्ये, स्वतःच्याच घरात चित्रित केलेला ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ (२००७) हा भयपट मी नुकताच पुन्हा पाहिला. स्थिर कॅमेरा, आपोआप हलणारे दार आणि जमिनीवरच्या पावडरीत उमटलेले ठसे एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर रात्रीचे प्रसंग अंगावर काटा आणतात. दिवस उजाडला की मात्र चित्रपट ढेपाळतो, कारण जोडप्याची तीच ती भांडणे, नायक मायकाचा आडमुठेपणा आणि जीव धोक्यात असतानाही त्याच्या हातून न सुटणारा कॅमेरा (माझ्या आजीने तो केव्हाच विहिरीत फेकला असता) यांना पैशांच्या चणचणीची सबब लागू पडत नाही. सर्वांत खटकतो तो चित्रगृहांसाठी बदललेला शेवट: तासभर अदृश्य राहून ज्या शक्तीने भिववले, तीच संगणकाने विद्रूप केलेल्या चेहऱ्यानिशी थेट कॅमेऱ्यावर झेप घेते.