मी ‘म्हणून’ शोधते

‘मॅडम, तुम्हाला निबंधात नक्की हवं तरी काय असतं?’ तत्त्वज्ञान शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दरवर्षी येतो. बहुधा तपासलेले निबंध परत दिल्यावर, जरा रागातच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मी ‘म्हणून’ शोधते.

चार्वाकांचंच घ्या, म्हणजे प्राचीन भारतातल्या जडवादी विचारवंतांचं. त्यांना प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट कळणं, हे एकच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मान्य. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, असं अनुमान आपण करतो. पण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती (दोन्हींचा न चुकणारा संबंध) पाहिली कुणी? मागचे, पुढचे, सगळे धूर काही कुणी तपासलेले नाहीत. यावर निबंध दिला की निम्मी मुलं ‘भारताला थोर तत्त्वपरंपरा लाभली आहे’ इथून सुरुवात करतात. ती ओळ मी वाचतही नाही. पुढे येतं: चार्वाक म्हणजे ऋण काढून तूप प्या सांगणारे चैनी लोक, म्हणून त्यांचं मत चूक. हा ‘म्हणून’ कुठून आला? तूप पिणाऱ्याचं व्याप्तीबद्दलचं म्हणणं बरोबर असू शकतं की!

चौदाव्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’ बघा. माधवाचार्यांच्या नावावरचा हा ग्रंथ. लिहिणारा वेदान्ती, म्हणजे चार्वाकांचा विरोधक, पण पहिलं प्रकरण चार्वाकांचं. तुपाचा श्लोक त्यातही आहे, पण व्याप्तीवरची शंका अशी नेटाने मांडलीय की वाटावं, हा त्यांच्यातलाच. पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्याआधी मांडलेलं समोरच्याचं मत, असा हवा.

बाकी हस्ताक्षर, पानं, मोठी नावं यांचं मला फारसं काही नाही. शंकराचार्य आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट एकाच परिच्छेदात दिसले तर धडकीच भरते.

एकदा एका मुलाने दीडच पान लिहिलं. ‘अनुमान नाकारायलाही अनुमानच लागतं,’ हा नेहमीचा आक्षेप घेतला आणि खाली स्वतःच लिहिलं, ‘पण चार्वाक अनुमान खोटं कुठे म्हणतो? खात्रीचं नाही, एवढंच म्हणत असेल, तर माझा आक्षेप त्याला लागत नाही.’ पुढे त्याला सुचलं नव्हतं. वर्गात सगळ्यात जास्त मार्क त्याला दिले.

बारा पानं लिहिलेली त्याची मैत्रीण भांडायला आली. मी तिला ते दीड पान वाचायला दिलं. वाचून गप्प झाली, मग म्हणाली, ‘पण मॅडम, खात्री नाही तर चार्वाक तूप तरी कसा पितो? आजचं तूप बाधणार नाही, हे त्याने कुठे पाहिलंय?’

हे तिच्या बारा पानांत कुठेच नव्हतं.