बोला नं भाऊ

नागपूरच्या दुकानदाराशी भांडण्यात एक सुख आहे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या एखाद्या गल्लीत कूलरचा बिघडलेला पंप घेऊन जा. तो आधी तुमच्याकडे पाहतच नाही. मग वस्तू उलटीसुलटी करतो आणि म्हणतो, "पाण्याविना चालवला असंल तुम्ही." तुम्ही आवाज चढवता, तोही चढवतो. शेजारचं गिऱ्हाईक काही माहीत नसताना तुमची बाजू घेतं. शेवटी "जाऊ द्या नं साहेब, घेऊन जा दुसरा" म्हणत तो पोऱ्याला हाक मारतो. किंवा साफ नाही म्हणतो, पण तोंडावर म्हणतो.

ऑनलाइन विक्रेता नाही म्हणत नाही. तो काहीच म्हणत नाही.

यंदा एप्रिलात कूलरचा पंप मागवला. आला तो नुसता गुरगुरणारा. पाणी काही वर चढेना. ताट्या कोरड्या आणि कूलरची हवा बाहेरच्या लूपेक्षा गरम. विक्रेत्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर क्षणात आलं, 'लवकरच संपर्क साधू', पण ते यंत्राचं. नंतर दोन निळ्या टिका उमटल्या, म्हणजे कुण्या जित्याजागत्या माणसानं माझा कोरडा कूलर डोळे भरून पाहिला होता. त्यापुढे सामसूम.

अशा वेळी आपल्या निरोपांची भाषा पाहण्यासारखी होते. पहिल्यात 'नमस्कार सर' असतं, 'कृपया' असतं. मग 'कृपया' गळतं, पाठोपाठ 'सर' जातात. पुढे नुसती प्रश्नचिन्हं. आणि शेवटी भर दुपारी घामेजल्या बोटांनी लिहिलेलं, 'बोला नं भाऊ'.

ही शांतता आळसाची आहे असं मला वाटत नाही. वस्तू परत करायची मुदत ठरलेली असते. 'चोवीस तास वाट पाहा' म्हणत ती सरकली, की परतीचं बटणच पडद्यावरून नाहीसं होतं. गप्प बसणं हा त्या धंद्यातला बिनभांडवली भाग आहे.

२०२४ च्या मे महिन्यात नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं होतं. अख्खं शहर त्यावर बोलत होतं. पण हवामान खात्यानं तपासून सांगितलं, सेन्सर बिघडला होता. सरकारी खातं आपला सुटा भाग खराब निघाल्याचं मान्य करतं, आणि इथे एक पंपवाला तेवढं करीना!

कायदा, खरं म्हणजे, आपल्या बाजूनं आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. हे लिहिणाऱ्यांनी नागपुरात उन्हाळा काढलेला नसावा. एप्रिलच्या शेवटी केलेली तक्रार निकाली निघेपर्यंत इथे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागतो. म्हणून पंप मी त्याच आठवड्यात बर्डीवरून आणला. वॉरंटीचं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "कायची वॉरंटी? मी बसून आहो नं इथं."

पण राग काही निवेना. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, विक्रेता देशाच्या कुठल्याही टोकाला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. ही सगळी माहिती मी जेवताना उत्साहानं सांगितली. बायको म्हणाली, "साडेतीनशेच्या पंपासाठी काळा कोट शिवून घेता का आता?"

मग आयोग राहिला आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावला. पलीकडून खरोखरच एक मुलगी बोलली. नाव, ऑर्डर नंबर, तारीख, सगळं शांतपणे लिहून घेतलं. मला तर तिथेच निम्मं गार वाटलं. शेवटी तिनं विचारलं, "सर, तुमची मागणी काय आहे?"

म्हटलं, "त्यांनी काहीतरी बोलावं."

ती जरा थांबली. "सर, इथे पैसे परत किंवा वस्तू बदलून, असंच लिहिता येईल."

"मग पैसे लिहा," म्हटलं. "नाहीतर दुसरा पंप पाठवतील ते."