गोलाखाली दोन गोल

आज दुपारी धाकटा मावसभाऊ आला, हातात चकचकीत फोल्डर. रोडसाइड असिस्टन्सची मेंबरशिप! गाडी बंद पडली की टोइंग, पंक्चर, बॅटरी, सगळं. वर्षाचे ४,९९९. इथवर ठीक होतं. मग त्याने कागदावर एक गोल काढला, खाली दोन, त्याखाली चार... आणि माझा चहा गार झाला.

"अरे, घाटात अडकलो तर टोइंग किती किलोमीटरपर्यंत?" माहीत नाही. तिसऱ्या लेव्हलचं कमिशन मात्र तोंडपाठ.

कपाटातून गाडीची पॉलिसी काढली. हीच सेवा अ‍ॅड-ऑनमध्ये, काहीशे रुपयांत, आधीच घेतलेली. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहेच. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग (दुकानाशिवाय थेट विक्री) नियमांत पिरॅमिड स्कीमला, म्हणजे खाली माणसं जोडत जाऊन कमिशन मिळवायच्या साखळीला, बंदी आहे, विक्रेत्याकडून एंट्री फी घेता येत नाही, हेही दाखवलं.

"फी नाही रे दादा, स्टार्टर किट आहे."

किट म्हणजे तेच फोल्डर. बारा हजारांचं. मावशीला अजून पत्ता नाही.

त्याच नियमांत कूलिंग-ऑफची मुदत आहे, दंड न भरता करारातून बाहेर पडता येतं. सही कधी केलीस विचारलं, तर म्हणे मंगळवारी. आता दोघं मिळून पावती शोधतोय.